माणसाळलेला

गावाच्या गवतकापणीच्या रविवारी बाळ्यानं म्हाताऱ्या निशिमुरा-सानना पाडलं. सगळं गाव तिथंच होतं, त्यामुळे झाकायला काही जागाच उरली नाही.

इथं असे काही रविवार ठरलेले असतात. घरटी एक माणूस गवत कापायचं यंत्र घेऊन सकाळी देवळापुढं हजर. रस्त्याच्या कडा, पाटाच्या कडा, थडग्यांकडची वाट, सगळं मिळून कापायचं. न आलेल्याला कोणी काही बोलत नाही, फक्त वर्षभर लक्षात ठेवतात. मी कधी चुकवली नाही. ओसाकाला कंपनीत होतो तेव्हा खुर्चीत बसून पाठ धरायची, आता यंत्र खांद्याला लटकवून धरते.

आमचं गाव जपानात, क्योतोच्या उत्तरेला डोंगरात आहे. पायऱ्यापायऱ्यांची भातशेतं, त्यातली निम्मी पडीक, कारण कसणारे म्हातारे झाले नाहीतर गेले. त्या पडीक शेतांतलं गवत खायला निशिमुरा-साननी, सान म्हणजे आपलं राव, कधीकाळी लामा आणले. उंटाच्या कुळातलं जनावर. लांब मान, अंगभर लोकर, पाठीवर मदार नाही. सुट्टीच्या दिवशी ओसाका-क्योतोची बिऱ्हाडं येतात, लामाच्या पाठीवर जेवणाचे डबे लादतात आणि दोरी धरून डोंगर चढून येतात. निशिमुरा-सानची बायको वारली, त्यांची कंबर गेली, जनावरांकडे बघायला माणूस हवं झालं, म्हणून आम्ही आलो. मी सकाळी घरून जुन्या कंपनीचं काम करतो आणि दुपारी लेंड्या भरतो. माझी बायको चैत्राली दिवसभर जनावरांतच. ती फलटणकडची, वडलांचा दुधाचा धंदा, मोठा गोठा. मी पुण्यातला, सदाशिव पेठेतला. मी शेळीलासुद्धा वळसा घालून जायचो.

तर त्या रविवारी मी लामांच्या कुंपणाखालचा बांध कापत होतो. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, कानात यंत्राची घरघर. निशिमुरा-सान फाटक उघडून आत गेले. कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला पाटाचं पाणी अडवायचं दार आहे. त्याच्याभोवतीचं गवत ते दरवर्षी स्वतःच्या हातानं कापतात. जनावरं त्यांची, जमीन त्यांची, त्यांना कोण अडवणार.

यंत्रात पेट्रोल भरायला ते खाली वाकले, आणि मला वरच्या पायरीवरून येणारा आमचा लामा बाळ्या दिसला. मान सरळ पुढं, कान मागं चिकटलेले. मला वाटलं, पेंड मागायला चाललाय. तो थांबलाच नाही. छातीनं धडक दिली, म्हातारा बांधावर आडवा पडला, आणि बाळ्या गुडघे टेकून त्यांच्या अंगावर बसला. वर मांडी चावायला लागला.

कुंपण ओलांडताना माझी पँट तारेत अडकून फाटली. मी हेल्मेट काढून त्याच्या मानेवर हाणलं. भिंतीवर हाणल्यासारखं वाटलं. त्यानं मान वळवून माझ्या तोंडावर हिरवं, आंबट काहीतरी थुंकलं आणि कानठळ्या बसतील असा किंचाळला. खालून माणसं धावत येत होती, पण कुंपणाशी येऊन सगळे थबकत होते. थबकतील नाहीतर काय करतील, दीडशे किलोचं धूड ते.

तेवढ्यात चैत्राली आली. ती देवळापाशी सगळ्यांसाठी चहा आणि भाताचे मुटके मांडत होती, हाताला शितं तशीच. धावली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बाळ्या. इकडे ये बघू."

आणि तो उठला. म्हाताऱ्याला न तुडवता, माझ्याकडे न बघता, सरळ तिच्याकडे गेला आणि तिच्या गळ्यात नाक खुपसून गुणगुणायला लागला. लामा खूश असला की असं नाकातून गुणगुणतो. खाली निशिमुरा-सान कण्हत होते, माझ्या गालावरून थुंकी ओघळत होती, आणि हा लाडात आला होता. सगळ्या गावानं ते पाहिलं. त्या धडकेपेक्षा मला त्या लाडाचीच जास्त लाज वाटली.

निशिमुरा-सानच्या बरगड्या मोडल्या होत्या, मांडीला टाके पडले. आम्ही इस्पितळात मिठाईचा डबा घेऊन गेलो आणि कमरेत वाकून उभे राहिलो. तेच आमची समजूत काढायला लागले. "जेपी-सान, मी पाठ करून उभा होतो. चूक माझी." मला जयप्रकाश म्हणणं इथं कोणाला जमत नाही.  गाडीत बसल्यावर चैत्राली म्हणाली, "ते त्याला मारून टाकतील का रे?"

मी म्हणालो, "मला काय विचारतेस. माझ्या तोंडावर तो थुंकलाय."

आता हा बाळ्या आमच्याकडे कसा वाढला ते सांगायला हवं. त्याची आई त्याला जन्म देऊन दोन दिवसांत गेली. बाहेर बर्फ, पिल्लू थरथरतंय, चैत्रालीनं त्याला जॅकेटमध्ये गुंडाळून घरात आणलं. निशिमुरा-सान म्हणाले होते की दूध गोठ्यातच पाजा, इतर लामांच्या वासात राहू दे. ते आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. तिच्या माहेरी आई मेलेलं वासरू पडवीत माणसांतच वाढवायचे. पुढं त्याचा गरीब बैल व्हायचा, लहान पोरगं दावं धरून न्यायचं. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. तर हा आमच्या स्वयंपाकघरात वाढला. बाटलीनं दूध, पंचा ओला करून अंग पुसणं, थंडीत पांघरूण घातलेल्या, खाली शेगडी असलेल्या टेबलाखाली आमच्या पायांशी झोपणं. पाळण्यात घालता येईना म्हणून मांडीवर घेऊन बारसं केलं. आमची मुलगी नेत्रा, तिला भाऊ नाही, तिनं त्याच्या गळ्यात राखी बांधली. ओसाकाच्या मंडळाच्या गणपतीला आम्ही त्याला छोट्या ट्रकमधून नेला होता. पोरांनी मोदक भरवले, सगळ्यांनी फोटो काढले, मामा-मावश्या झाले. मोठा होऊन घरात मावेना तेव्हा कुंपणात एकटा ठेवला, तरी येणाऱ्याला आम्ही सांगायचो, हा आमचा धाकटा.

त्यानं ते खरं मानलं, एवढंच झालं.

हे आम्हाला सांगितलं हायाशी-सेन्सेईंनी. त्या खालच्या शहरातून येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी कुंपणाबाहेरून बाळ्याकडे बराच वेळ पाहिलं. तोही कान मागं करून त्यांच्याकडे पाहत होता.

"कुठे वाढवला?"

चैत्राली म्हणाली, "घरात. माझ्या हातावर."

"नर पिल्लू?"

"हो."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "हा रागावलेला नाही. आजारीही नाही. ह्याला आपण लामा आहोत हेच माहीत नाही. ह्याच्या लेखी तुम्ही त्याचा कळप. लहान होता तोवर ठीक होतं. आता नर झाला. नर काय करतो, दुसऱ्या नरांना आपल्या जागेतून हाकलतो. ह्याला दुसरे नर म्हणजे माणसं वाटतात."

मी म्हणालो, "मग मला एवढे दिवस का नाही मारलं?"

"मारेल," त्या म्हणाल्या. अगदी साधेपणानं म्हणाल्या.

त्यांनी उपाय सांगितले. आधी खच्ची करायचा. त्यानं जोर उतरेल, कदाचित उतरणारही नाही. मग त्याला म्होरक्या लामाच्या कळपात कोंडायचा. तैशो नावाचा मोठा पांढरा नर आहे, बाकीचे त्याच्या धाकात असतात. तो ह्याला चांगला बडवेल, तो बडवू द्यायचा. आणि शेवटचं त्या चैत्रालीकडे वळून बोलल्या. "तुम्ही त्याच्याजवळ जायचं नाही. बोलायचं नाही. हाक तर मुळीच नाही. अंगाशी आला तर फळी पुढं करायची, तरी आला तर मारायचं. तुम्ही त्याच्यासाठी परक्या झालात तरच तो जगेल."

"मी वाढवलाय त्याला."

"म्हणूनच सांगतेय," डॉक्टर म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

त्या आठवड्यात गावच्या सभागृहात बैठक झाली. सगळे चटईवर गुडघे मोडून बसले, मीही बसलो. माफी मागितली, कपाळ टेकवलं. कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. एक म्हातारी फक्त म्हणाली, "पाण्याच्या दाराकडे रोज कोणी ना कोणी जातं. कुंपणातूनच वाट आहे." वाट पूर्वीपासूनची, लामा नंतरचे, हे तिनं बोलून दाखवलं नाही. शेवटी निशिमुरा-सान छातीला पट्टा बांधलेले, भिंतीला टेकून म्हणाले, "जनावर माझं आहे. बर्फाच्या आधी मी स्वतः त्या वाटेनं पाण्याच्या दारापर्यंत चालत जाईन. आला नाही, तर राहील. आला, तर डॉक्टर तिथंच असतील."

कोणी काही म्हणालं नाही, म्हणजे ठरलं. उठताना माझ्या पायांना अशा मुंग्या आल्या होत्या की मी शेजारच्याच्या खांद्यावर कोसळलो. त्यानं मला सावरलं, वर "हळू" म्हणाला. मला त्या घडीला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

खच्ची करायच्या दिवशी चैत्रालीला डॉक्टरांनी यायला मनाई केली. ती घराच्या मागं जाऊन भाताचं पातेलं घासत बसली. तेच पातेलं, परत परत. मी बाळ्याची मान धरली होती. सुई टोचल्यावर तो हळूहळू गुडघ्यांवर आला, मग एका कुशीला लवंडला. डोळे उघडेच. डॉक्टरांनी मांडीच्या आतली लोकर कापली, औषध लावलं, काम केलं. त्याचे सुळेही कापले, म्हणाल्या, ह्यांनीच मांडी फाडतात. मला रक्ताचं काही वाटलं नाही. त्याच्या मानेखाली माझा हात होता आणि तिथं लोकर अजून पिल्लाची मऊ होती, त्याचं वाटलं. मी त्याला कधी पिल्लू असतानाही फारसं कुरवाळलं नव्हतं.

मग तैशोचा कळप पाण्याच्या दाराच्या कुंपणात आणून बाळ्याला त्यात सोडला. डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. तैशोनं त्याला मानेत मान घालून खाली दाबला, कान चावले, पाण्याच्या हौदापासून हाकलला, चाऱ्यापासून हाकलला. सगळे लामा एकाच जागी लेंड्या टाकतात, ह्याला तिथंही जाऊ देईनात. रोज संध्याकाळी त्याच्या कानावर नवं रक्त. तो कळपातून सुटायचा तो थेट आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूच्या कुंपणाशी येऊन उभा राहायचा आणि गुणगुणायचा. गुणगुणणं कसलं, कण्हणंच ते. चैत्राली पंखा लावायची. भाजी नाही, फोडणी नाही, तरी नुसता पंखा घरघरत ठेवायची आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहायची.

बाहेर जायचं तर घराला वळसा घालून वरच्या वाटेनं जायची, म्हणजे त्याला दिसू नये. गवताचे भारे तिकडून वाहायचे तर दुप्पट चढ. मी म्हणायचो, मी नेतो, तर ऐकायची नाही. तिच्या मानेवर दोरीचे वळ उठले. नेत्रानं एकदा विचारलं, मी जाऊन त्याला गाजर देऊ का. मी नाही म्हटलं. तिनं जपानीतच काहीतरी पुटपुटून दार आपटलं. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं तिला विचारलं होतं म्हणे, तुमच्याकडे माणसं चावणारं जनावर आहे का. त्या दिवसापासून पोरगी आमच्याशी मराठी बोलत नव्हती.

आणि मग एका दुपारी चैत्रालीला मी पकडलीच. मीटिंग लवकर संपली म्हणून खाली आलो, तर ही कुंपणाशी. हात तारेतून आत, बाळ्या तिच्या तळव्यातून काहीतरी खातोय.

मी तिचा दंड धरून मागं ओढली. "वेड लागलंय का तुला?"

"त्याला खाऊ देत नाहीत ते. बरगड्या मोजता येतात, बघ ना."

"लोकर आहे त्याला, तुला बरगड्या कुठून दिसल्या?"

"हाताला लागतात."

"म्हणजे रोज हात लावतेस."

 बाळ्यानं माझ्याकडे पाहून कान मागं घेतले आणि छाती पुढं काढून कुंपणावर आदळला. खांब हलले. मी दोन पावलं मागं सरकलो, आणि त्या सरकण्याचाच मला जास्त राग आला.

"बघितलंस?" मी म्हणालो. "ह्यानंच मरणार तो. तू भरवतेस त्यानं."

"तुला तो नकोच होता. पहिल्या दिवसापासून. कार्पेट घाण होतं, वास येतो, ऑफिसच्या कॉलमध्ये आवाज येतो."

"मला नको होता, पण मी त्याला मारायला नाही निघालो. तू निघालीस."

बोलून गेलो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता ही उद्याच फलटणला निघेल. ती निघाली नाही. तळव्यावरची पेंड तिनं पँटला पुसली, घरात गेली आणि त्या दिवसापासून कुंपणाच्या त्या बाजूला फिरकली नाही. माझ्याशी कामापुरतं बोलायची. चारा संपला. पाणी गोठलं. दरवाजा लाव.

झाडांची पानं गेली, पर्सिमनची केशरी फळं तेवढी उरली. सुट्टीतली बिऱ्हाडं यायची थांबली, ती थंडीनं की बातमीनं, कोण जाणे. बाळ्या आता कळपाच्या कडेला चरायला लागला होता. तैशो नुसता मान उचलून बघायचा आणि हा बाजूला व्हायचा. मला वाटायला लागलं, जमतंय. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, "माणूस आत गेल्यावर कळेल."

बर्फाचं भाकीत आलं, आणि त्याच्या आदल्या रविवारी निशिमुरा-सान आले. रबराचे बूट, हातात काठी, कोटाखाली छातीचा पट्टा. गावातली पाचसहा माणसं टोप्या घालून कुंपणाशी उभी. हायाशी-सेन्सेईंची गाडी रस्त्यावर, मागचं दार उघडं, सीटवर त्यांची सुयांची पेटी. मी पेटीकडे बघायचं टाळत होतो. नेत्रा माझ्या बाजूला. चैत्राली तिच्या पलीकडे, हात बगलेत दाबून.

मी फळी घेऊन फाटकाशी गेलो. निशिमुरा-सान म्हणाले, "नको. कोणी आत यायचं नाही. गावातला माणूस एकटाच जाणार आहे रोज."

"पण तुमच्या बरगड्या."

"मोडलेल्याच आहेत," ते म्हणाले आणि आत गेले.

ते हळू चालतात. काठी टेकवायची, पाऊल टाकायचं, थांबायचं. मला वाटत होतं, मागून जाऊन त्यांना ढकलत न्यावं, लवकर पोचतील तरी. तैशोनं मान उचलली. बाकीच्यांनी उचलली. बाळ्या त्यांच्यात होता, तपकिरी पाठ दिसत होती. त्यानं पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. माझ्या शेजारी कोणीतरी श्वास सोडला.

अर्ध्या वाटेवर निशिमुरा-सानचा पाय दवानं ओल्या दगडावरून घसरला. पडले नाहीत, काठीवर तोल सावरला, पण सावरताना पुढं वाकले. आणि बाळ्या कळपातून निघाला.

चालत नव्हता, पळतही नव्हता. ताठ मान, कान मागं. मला तो रविवार आठवला. डॉक्टर गाडीपासून फाटकाकडे यायला लागल्या. म्हातारा थांबून उभा राहिला, वळला, आणि त्याच्याकडे तोंड करून काठी आडवी धरली. काठी ती, बांबूची.

"मामा, योंदे," नेत्रा म्हणाली. जपानीत ती आईला मामा म्हणते. योंदे म्हणजे, बोलव ना त्याला.

मीही तेच म्हणालो. "चैत्राली, हाक मार."

सगळी गावची माणसं तिच्याकडे बघत होती. हाक मारली की तो येणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. म्हातारा वाचणार. आणि हाक मारली की तो अजून तिचाच आहे हेही प्रत्येकाला दिसणार, मग पेटी उघडायची. तिनं तोंड उघडलं नाही. माझ्या हातातली फळी हिसकावली, तारेखालून वाकून आत गेली, केस तारेत अडकले ते तसेच तोडून धावली.

ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली तेव्हा तो चार हातांवर होता. त्यानं तिला पाहिलं आणि जागच्या जागी बदलला. कान पुढं आले. मान खाली गेली, शेपूट पाठीवर वळली, पाय वाकले. पिल्लू असताना दुधाच्या बाटलीपुढं तो असाच यायचा. एवढं धूड आणि तसंच खाली वाकून, गुणगुणत तिच्याकडे आलं. म्हातारा सुरक्षित होता. आता काही करायची गरज नव्हती, असं मला क्षणभर वाटलं.

तिनं फळी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या मानेवर हाणली.

आवाज आमच्यापर्यंत आला. तो थांबला. त्याला कळलं नाही. परत मान पुढं केली, तसंच गुणगुणत, जरा मोठ्यानं. तिनं परत हाणली. "हट," ती म्हणाली. "हट. जा तिकडे." नाव घेतलं नाही. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा फळीची कड नाकावर बसली आणि रक्त आलं. तो किंचाळला. हल्ला करतानाचा नव्हता तो आवाज, पिल्लं कळपातून चुकली की ओरडतात तसा होता. नेत्रानं कान झाकून घेतले. मला आत जाऊन तिचा हात धरावासा वाटत होता आणि मी कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

चैत्राली पुढं सरकली. तो मागं सरकला. ती अजून एक पाऊल पुढं. त्यानं मान वर घेतली, तिच्याकडे पाहिलं, किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. मग तैशो वरच्या बाजूनं आला, त्याला खांद्यानं ढोसलं, आणि तो वळला. कळपात गेला. सगळ्यांत मागं जाऊन, दुसऱ्या एका लामाच्या कुशीआड उभा राहिला.

निशिमुरा-सान पुढं चालायला लागले. दारापर्यंत गेले, चाक फिरवलं, पाणी सोडलं, बंद केलं. परत त्याच वाटेनं, तेवढ्याच हळू आले. बाळ्या मान उचलून बघत राहिला. जागेवरून हलला नाही.

फाटकाशी येऊन म्हातारा डॉक्टरांना म्हणाला, "पेटी ठेवून द्या." मग वळला आणि चैत्रालीपुढं कमरेत वाकला. पट्टा बांधलेल्या छातीनं एवढं वाकणं दुखलं असणार, तोंड पांढरं पडलं होतं. गावातली माणसंही वाकली. तिनं उलट वाकायला हवं होतं. ती नुसती उभी राहिली. फळी तिच्या हातातून सुटत नव्हती, मी एकेक बोट उलगडून काढून घेतली. तळव्यात कुसळं घुसली होती.

घरी आल्यावर मी सुईनं कुसळं काढली. चैत्राली म्हणाली, "मारताना त्यानं मला ओळखलं होतं, जेपी."

मी म्हणालो, "वाचला ना."

"ओळखलं म्हणून तर परत परत येत होता."

 मी कुसळं काढत राहिलो. नेत्रा येऊन आईच्या पाठीला टेकून बसली आणि कितीतरी दिवसांनी मराठीत म्हणाली, "आई, खूप लागलं का त्याला?"

"लागलं," चैत्राली म्हणाली. तेव्हा ती रडली. मीही रडलो, लपवायचं कशाला.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. त्यानंतर तो स्वयंपाकघराच्या कुंपणाशी कधी आला नाही. गावची माणसं पाण्याच्या दाराकडे जातात, येतात, तो मान उचलतो आणि बाजूला होतो, बाकीच्यांसारखाच. हायाशी-सेन्सेई परवा बघून गेल्या, चांगला लामा झालाय म्हणाल्या. चारा आता मी घालतो. चैत्राली खालची कामं बघते, लोकर, बुकिंग, दोऱ्या-खोगिरं. वरच्या कुंपणात ती जात नाही, तशी कोणी तिला बंदी केलेली नाही.

संध्याकाळी मी बूट झटकत आत आलो की ती ओट्याशी पाठमोरी उभी असते.

"खाल्लं का त्यानं?" ती विचारते.

"सगळ्यांनी खाल्लं," मी सांगतो.

त्या उत्तरानं तिचं समाधान होत नाही, मला कळतं. पण ती पुढं विचारत नाही, आणि मीही नाव घेत नाही.